श्यामलाबाईंची पाठ

श्यामला बेहेरे मुळात रागीट नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. कारण आज कलकत्त्यात डमडमला त्यांच्या बिल्डिंगखाली उभं राहून कोणालाही विचारा, वॉचमनपासून मासळीवालीपर्यंत सगळे एकच सांगतील, "ओ बाबा, बेहेरे मासीमा! फार राग!" पण ह्याच बाईंनी गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये उभा संसार केला आणि त्यांचा चढा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नाही. नवरा प्रकाश, रेल्वेच्या हिशेब खात्यात ऑफिसर. माणूस सरळ, पण पाण्याचा पेला स्वतः उचलून घेणार नाही अशातला. त्याच्या मित्रांची ऊठबस, मुलगी कादंबरीची शाळा, कलकत्त्यातल्या मराठी मंडळाचा गणपती, सगळं बाईंनी हसतमुखानं केलं. मंडळात मोदकांच्या पाऱ्या करायला त्या सगळ्यांच्या आधी बसायच्या आणि सगळ्यांच्या नंतर उठायच्या.

मग राग आला कुठून? पाठीतून आला.

प्रकाश निवृत्त झाला, डमडमला फ्लॅट घेतला, आणि वर्षाच्या आत श्यामलाबाईंचा डावा पाय दुखायला लागला. कंबरेतून कळ निघायची ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. कणीक मळताना ओट्याला धरून उभं राहायचं, मेट्रोच्या जिन्यावर मध्येच थांबायचं, असं सुरू झालं. एमआरआय काढला. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशन लागेल, असं निघालं.

आता परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांची एक खोड असते. तिला ते जिव्हाळा म्हणतात, पण ती खोडच. दूधवाला बिहारी चालेल, सोनार बंगाली चालेल, पण काही गंभीर निघालं की 'आपला माणूस' हवा. आणि कलकत्त्याच्या मराठी मंडळींचा असा एक आपला माणूस होता, डॉक्टर चारुदत्त कोपरकर. मणक्यांचे सर्जन, मोठ्या खाजगी हॉस्पिटलात, मंडळाचे माजी अध्यक्ष, आरतीला पुढे. प्रकाशचा तर जिवलग, रविवारी पत्ते कुटायचे एकत्र. मंडळात कोणी कंबरेला हात लावायचा अवकाश, दहा जण म्हणायचे, "अहो, आपले कोपरकर आहेत ना!" त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणा डॉक्टरला दाखवायचं म्हणजे जवळजवळ फितुरी केल्यासारखंच. तसं कोणी करत नसे.

तर श्यामलाबाईंचं ऑपरेशन ठरलं ते दवाखान्यात ठरलं नाही. ते ठरलं त्यांच्याच डायनिंग टेबलावर, रविवारी, पुरणपोळीच्या जेवणात. चारुदत्तनं डाव्या हातानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, उजवा हात तुपात माखलेला, आणि प्रकाशला समजावलं, "हे बघ, इथे प्रॉब्लेम आहे. चार स्क्रू, दोन रॉड, विषय संपला. महिन्याभरात वहिनी गरबा खेळतील." प्रकाश म्हणाला, "तू आहेस म्हणजे मला काळजी नाही रे." ऑपरेशन कोणाचं? श्यामलाबाईंचं. ठरवलं कोणी? ह्या दोघांनी. आणि बाई होत्या कुठे? तव्यापाशी. त्यांच्या मनात आलं होतं विचारायचं, किती दिवसांनी चालता येईल, पाय नक्की बरा होईल ना, नाही झाला तर काय. पण घरी जेवायला आलेल्या माणसाला असे उलटतपासणीचे प्रश्न विचारतात होय? त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अजून एक वाढू?"

हे आठवलं की पुढे त्यांना स्वतःचीच चीड यायची. "अजून एक वाढू! अगं बये, तुझी पाठ कापायची चालली होती तिथे, आणि तू पोळी वाढत होतीस!"

ऑपरेशन झालं. पेढे वाटले. घरी आल्यावर कंबरेची जखम भरली, टाके निघाले, आणि पायातली कळ? जशीच्या तशी. तीच मांडी, तीच पोटरी, तोच अंगठा. वर कंबरेत एक नवं दुखणं आलं, कूस बदलताना आत काहीतरी हलल्यासारखं. बाईंनी वाट पाहिली. नसांना वेळ लागतो, असं सांगितलं होतं म्हणून पाहिली. होळी गेली, पावसाळा गेला, दुर्गापूजा गेली. त्या चारुदत्तच्या क्लिनिकमध्ये जायच्या, खुर्चीच्या कडेवर एका कुल्ल्यावर बसायच्या, आणि चारुदत्त एक्स-रे लावून प्रकाशला सांगायचा, "फिक्सेशन परफेक्ट आहे रे. एकदम टेक्स्टबुक. वहिनींना सांग, जरा धीर धरा."

वहिनींना सांग! वहिनी हातभर अंतरावर बसलेली. बहिरी नव्हती, मुकी नव्हती, मराठी तिला येत होतं. पण बोलणं चालायचं प्रकाशशी. शेवटी एके दिवशी चारुदत्त आवाज उतरवून प्रकाशला म्हणाला, "हे बघ, मुलगी मोठी झाली, तू निवृत्त झालास, बायकांना ह्या वयात रिकामपण येतं. एखाद्या समुपदेशकाला दाखव. माझ्याकडून सगळं व्यवस्थित झालंय." तेव्हा पहिल्यांदा श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या उठल्या, पर्स घेतली, आणि "येते," म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात सुटते?

मग सुरू झाला तो दुसरा छळ. दुखणं परवडलं, पण हा छळ नको. मंडळात बातमी पसरली की श्यामलाच्या मनाचं आहे. कोणी पसरवली, हे कोणी सांगेना. मंडळाच्या सुमनताई फोन करून म्हणाल्या, "अगं, सकाळी अर्धा तास ध्यान कर. आणि एक सांगू? आपल्या डॉक्टरांबद्दल चारचौघांत कुरकुर करू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढच्या वर्षी गणपतीत श्यामलाबाईंना खाली बसवेना, म्हणून त्या उभ्यानं टेबलापाशी पाऱ्या करत होत्या, तर मागून कोणीतरी म्हणालं, "झालं सुरू नाटक." बाईंनी हातातली उकड परातीत टाकली आणि टॅक्सी करून घरी आल्या. मोदक मागे अर्धे राहिले. राहू देत मेले.

घरी प्रकाशची वेगळीच तऱ्हा.

"चारुदत्त खोटं कशाला बोलेल?" तो म्हणाला.

"म्हणजे मी बोलते?"

"तसं नाही गं. पण त्यानं इतकी ऑपरेशनं केलीत..."

"आणि मी एकच पाय घेऊन हिंडते! मला कळत नाही तो दुखतो की नाही ते? तुमचा दात दुखला तेव्हा मी कोणाला विचारायला गेले होते, ह्यांचा दात खरंच दुखतो का हो म्हणून?"

त्या दिवशी बेहेऱ्यांच्या घरात पहिल्यांदा ताट आपटल्याचा आवाज झाला. प्रकाश पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसला. त्याला वाटलं, वादळ आहे, जाईल. पण ते गेलं नाही. मासळीवालीनं शिळा मासा दिला, भांडण. वॉचमननं लिफ्ट बंद ठेवली, भांडण. सगळ्यांवर राग निघत होता, आणि ज्याच्यावर निघायला हवा तो माणूस आरतीला पुढे उभा होता.

कादंबरी सॉल्ट लेकला एका आयटी कंपनीत. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे तिचं मराठी निम्मं बंगालीच्या वळणाचं. पण डोळे आईचे होते. ती एका शनिवारी आली आणि म्हणाली, "आई, तू किती कष्ट पातेस! आणि बाबा डॉक्टरकाकांच्या मुखाकडे बघत बसलेत. चल, मी तुला दाखवून आणते." तिच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांची पाठ डॉक्टर लीना सान्याल म्हणून होत्या त्यांनी दुरुस्त केली होती. ह्या बाईंचं काम एकच. दुसऱ्या कोणी केलेलं आणि फसलेलं मणक्याचं ऑपरेशन उघडायचं आणि निस्तरायचं.

प्रकाश म्हणाला, "आधी चारुदत्तच्या कानावर घालायला हवं. त्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटेल!" श्यामलाबाई ओरडल्याच. "मला काय वाटतं ते तुम्ही कधी विचारलंत?" त्यांनी पायात चपला घातल्या, कादंबरीला हाक मारली आणि निघाल्या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडव्या झोपून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या.

लीना सान्यालांच्या दवाखान्यात बाहेर पंधरा-वीस माणसं होती आणि खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या. सगळे उभे. कोणी भिंतीला टेकलेलं, कोणी खिडकीच्या गजाला धरून, एक आसनसोलचा व्यापारी टेबलावर कोपरं टेकून ओणवा. श्यामलाबाई दारातच थबकल्या. ही सगळी त्यांच्यासारखीच माणसं, ज्यांना बसवत नाही. बारासातच्या एका शाळामास्तरांनी त्यांना भिंतीपाशी जागा करून दिली आणि बंगालीत विचारलं, "तुमचं कितवं?" म्हणजे ऑपरेशन कितवं. मास्तरांची आधीची दोन होऊन गेली होती. ते हसून म्हणाले, "मला डॉक्टर म्हणाले, मास्तर, तुम्ही विचार फार करता." व्यापारी ओणव्यानंच म्हणाला, "मला म्हणाले, व्याजाची काळजी करता म्हणून दुखतं." पलीकडची एक तरुण मुलगी म्हणाली, "मला म्हणाले, लग्न करा."

इतके दिवस श्यामलाबाईंना वाटत होतं की हे आपल्यालाच ऐकवलं गेलं. हे ऐकून त्यांचा राग कमी व्हायला हवा होता ना? उलट दुप्पट झाला. म्हणजे एवढ्या सगळ्या माणसांना एकदम वेड लागलं होतं की काय! डॉक्टरांचं चुकलं असेल, एवढी एक गोष्ट सोडून ह्या लोकांना बाकी सगळं सुचलं होतं.

आत लीना सान्याल म्हणजे किडकिडीत, पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या बाई. कादंबरीनं बोलायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "तू थांब. पाय त्यांचा आहे, त्यांना सांगू दे." आणि श्यामलाबाईंकडे बघत बसल्या. दोन वर्षांत श्यामलाबाईंना कोणी विचारलंच नव्हतं हो! मग त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. लीना सान्यालांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांना टाचांवर चालायला लावलं. डाव्या पायाचा अंगठा वर उचलवेना. हे श्यामलाबाईंच्याही लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली.

त्यांनी आधीची फिल्म आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. तिसरी एक होती, मानेपासून खालपर्यंत अख्ख्या कण्याची. पेन्सिलीनं त्या मानेपासून एकेक मणका मोजत खाली आल्या, आणि मग पुन्हा खालून मोजत वर गेल्या.

"माणसाच्या कंबरेत पाच मणके असतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या सहा आहेत. काहींच्या असतात, त्यात वाईट काही नाही. फक्त मोजताना सावध राहावं लागतं. वरून मोजलं की एक आकडा येतो, खालून मोजलं की दुसरा. तुमची गादी सरकली होती ती इथे." पेन्सिल टेकली. "ती अजून तिथेच आहे, नस अजून तशीच दबलेली आहे. स्क्रू घातलेत ते ह्याच्या वरच्या मणक्यात. तिथे काही झालेलं नव्हतं. त्यातला एक स्क्रू आता सैल झालाय, तो तुम्हाला कूस बदलताना टोचतो."

कादंबरीनं आईचा हात धरला. श्यामलाबाईंनी तो सोडवून घेतला.

"म्हणजे त्यांनी चूक केली," त्या म्हणाल्या.

"मला जे दिसतं ते मी सांगितलं. दुसऱ्या सर्जनबद्दल मी बोलत नाही."

"का नाही? तोही तुमच्यातला का?" श्यामलाबाई कडाडल्या. बंगाली, हिंदी, जे तोंडात येईल ते. "आमच्यात आपला माणूस, तुमच्यात आपला माणूस! मग माझ्यातलं कोण आहे?"

लीना सान्यालांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑपरेशन चुकीच्या मणक्यावर झालं आहे. हे मी लिहून देईन आणि कोणी विचारलं तर तोंडानंही सांगेन. तुमच्या मनात काही नाही, मासीमा. जे आहे ते नसेत आहे." मग त्यांनी पुढचं सगळं सांगितलं, काही न लपवता. जुने स्क्रू काढायचे, खालची नस मोकळी करायची, तो भाग बांधायचा. पहिल्या ऑपरेशनचे व्रण आत चिकटून बसलेले असतात, त्यातून वाट काढताना नसांवरचं आवरण फाटू शकतं, पाय लुळाही पडू शकतो. कळ जाईल अशी आशा आहे. अंगठ्याचं मात्र सांगता येत नाही, त्याची नस फार दिवस दबून राहिली.

परतीच्या टॅक्सीत कादंबरी रडली. श्यामलाबाई रडल्या नाहीत. त्या आडव्या पडून टॅक्सीच्या छताकडे बघत म्हणाल्या, "आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!" आणि मग चारुदत्त कोपरकरला अशा काही शिव्या घातल्या, की कादंबरी रडता रडता थांबली. आईला इतकं मराठी येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

प्रकाशनं सगळं ऐकलं. फिल्म पुन्हा पुन्हा पाहिली, जन्मभर आकड्यांत काम केलेला माणूस, त्यानं स्वतःही मणके मोजले. चेहरा उतरला त्याचा. श्यामलाबाईंना वाटलं, आता बोलेल. तो बोलला, पण काय बोलला? "झालं ते झालं. आता बोलून काय उपयोग? आपलेच दात, आपलेच ओठ. ऑपरेशन करून घेऊ पुन्हा, तू बरी हो म्हणजे झालं."

"ऐका," श्यामलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून प्रकाश जास्त घाबरला. "मला पैसे नकोत. कोर्ट नको. मंडळात तमाशा नको. त्यानं माझ्यासमोर यायचं आणि माझ्या तोंडावर सांगायचं, चुकलं म्हणून. एवढंच हवंय मला. ते तुम्ही मला मिळवून द्यायचं. मित्र तुमचा आहे."

प्रकाशनं फोन केला. आत जाऊन, दार लावून केला. बाहेर आला तो खाली बघत. चारुदत्त म्हणाला होता, ही पुन्हा ऑपरेशनं करणारी मंडळी असंच सांगतात, त्यांचं दुकान त्यावर चालतं. आणि वहिनींना म्हणावं, काळजी करू नका, तो मुळीच रागावलेला नाही.

"तो रागावलेला नाही!" श्यामलाबाई हसल्या. ते हसू बघून प्रकाशनं पुन्हा बाल्कनी गाठली.

चारुदत्त आला नाही. उलट सुमनताईंचा फोन आला, "तू म्हणे डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागलीस? अगं, त्यांनी किती जणांना फुकट तपासलंय!" श्यामलाबाई म्हणाल्या, "सुमनताई, माझी कंबर आठवडाभर तुमच्याकडे पाठवते. तिला सांभाळा, जेवायखायला घाला, मग बोलू." आणि फोन ठेवून दिला. मंडळाशी संबंध त्या दिवशी संपला. आयुष्याचा केवढा मोठा तुकडा तो, पण त्यांना त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. वाईट वाटायला जागाच उरली नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी लीना सान्याल स्वतः खोलीत आल्या. कोणता पाय, कुठून कुठे दुखतं, हे त्यांनी श्यामलाबाईंच्या तोंडून पुन्हा वदवून घेतलं आणि पाठीवर खूण केली. श्यामलाबाई भ्यायल्या होत्या, खोटं कशाला सांगायचं. पाय लुळा पडला तर काय, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पण भीतीत एक गोष्ट बरी होती. ह्या खेपेला काय होणार आहे ते सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि होकार त्यांनी स्वतः दिला होता.

काम लांबलं. आतले व्रण दगडासारखे चिकटलेले निघाले, आवरण एका जागी फाटलंच, ते शिवावं लागलं. बाहेर प्रकाश आणि कादंबरी चहासुद्धा न घेता बसून होते. लीना सान्याल बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क उतरवला आणि प्रकाशला म्हणाल्या, "नस मोकळी झाली. दोन वर्षांपूर्वी हे काम सोपं होतं. अंगठा बहुतेक परत येणार नाही." एवढं बोलून त्या गेल्या.

श्यामलाबाईंना शुद्ध आली. पाठ ठणकत होती, घसा कोरडा पडला होता. त्यांनी डाव्या पायात कळ शोधली. मांडीत शोधली, पोटरीत शोधली. नव्हती. म्हणजे नव्हतीच! आणि मग ती बाई रडली. आयाला वाटलं दुखतंय म्हणून, ती नर्सला बोलवायला धावली. दुखत नव्हतं म्हणूनच रडत होत्या हो त्या. जे इतकं सरळ होतं, त्यासाठी दोन वर्षं त्यांना वेडी ठरवलं होतं. अंगठा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

प्रकाशनंही तो अंगठा पाहिला. बायकोनं कपाळाला आठ्या घालून जोर लावलेला आणि अंगठा मेल्यागत पडलेला. चौथ्या की पाचव्या दिवशी तो सकाळीच कुठेतरी गेला आणि दुपारी परत आला तो चारुदत्त कोपरकरला घेऊन.

तेव्हा श्यामलाबाई वॉकर धरून खोलीतच चालत होत्या. दारात चारुदत्त दिसला. हातात संदेश मिठाईचा डबा. बाईंनी ठरवलं, पडायचं नाही आणि बसायचंही नाही. त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. कादंबरी खिडकीपाशी होती, ती पुढे आली, तिला त्यांनी नजरेनंच थांबवलं.

चारुदत्त आत आला. डबा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. वय एकदम दिसायला लागलं होतं त्याचं. त्यानं भिंतीला लावलेल्या नव्या एक्स-रेकडे पाहिलं, जरा जवळ जाऊन पाहिलं, आणि त्याच्या ओठांची हालचाल झाली. मोजत होता तो. मग वळला, प्रकाशसमोर उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी, प्रकाश. माझं चुकलं रे. मोजण्यात चुकलं."

आणि प्रकाशनं काय करावं? त्याचा हात आपसूक मित्राच्या खांद्यावर गेला. डोळे भरून आले त्याचे. "जाऊ दे रे," तो म्हणाला. "जाऊ दे."

दोघे तसेच उभे राहिले. दोन जुने मित्र.

"झालं का तुमचं?" श्यामलाबाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं.

"पाठ माझी कापलीत, आणि माफी ह्यांची मागताय? ह्यांचं काय दुखत होतं?" आवाज खणखणीत होता. "आणि अहो, तुम्ही! जाऊ दे म्हणणारे तुम्ही कोण? अंगठा तुमचा मेलाय?"

प्रकाशनं हात खांद्यावरून काढला. चारुदत्त म्हणाला, "वहिनी, मी..."

"वहिनी तुमच्या मित्राच्या घरात. इथे मी पेशंट आहे. पेशंटला नाव असतं. ते घ्या आणि मराठीत सांगा, मला समजेल असं."

चारुदत्तनं एकदा प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश ह्या वेळी मदतीला आला नाही, तो जमिनीकडे बघत होता. मग त्या माणसानं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, श्यामलाबाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"श्यामलाबाई," तो म्हणाला, "मी तुमचं ऑपरेशन चुकीच्या मणक्यावर केलं. ते लक्षात आल्यावरही मी कबूल केलं नाही. तुमच्या मनाचं आहे असं मीच लोकांना सांगितलं."

लक्षात आल्यावरही. म्हणजे त्याला माहीत होतं. ही गोष्ट श्यामलाबाईंना नवीन होती. प्रकाशलाही. त्यानं मान वर केली आणि मित्राकडे असं पाहिलं, जणू हा कोण, कुठला.

श्यामलाबाईंनी वॉकर घट्ट धरला.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता ह्यावर जाऊ दे म्हणायचं की नाही, ते मी ठरवणार. आज म्हणत नाही. उद्याही बहुतेक नाही म्हणणार. निघा तुम्ही."